नैरोबीची मजुरी गावाला कशी पोचते?

स्वाहिली भाषेत पैशाला 'पेसा' म्हणतात. ऐकताक्षणी ओळखीचा वाटावा असा हा शब्द आहे, आणि ती ओळख खरीच आहे. हिंदी महासागर ओलांडून झांजिबार, मोंबासा या बंदरांत व्यापारासाठी गेलेल्या कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांबरोबर आपला रुपया तिकडे गेला आणि त्याच्या पाठोपाठ पैसाही गेला. जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, १९०४ पर्यंत एक रुपया बरोबर ६४ पेसा असा हिशेब होता. १९५७ पूर्वीचा आपला हिशेबही हाच : सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे. केनियातही १९२० पर्यंत रुपयाच चालत होता. पुढे शिलिंग आला, पण लोकांच्या बोलण्यातला पेसा काही गेला नाही.

२००७ साली केनियात या पेसाच्या मागे 'एम' हे अक्षर लागले. एम म्हणजे मोबाइल. साध्या, बटणांच्या मोबाइल फोनवरून पैसे पाठवण्याची 'एम-पेसा' नावाची सोय त्या वर्षी मार्चमध्ये सुरू झाली. आज आपल्याकडे भाजीवालीच्या हातगाडीवरही चौकोनी ठिपक्यांचे चित्र चिकटवलेले असते, त्यामुळे यात काय विशेष असे वाटेल. पण त्या वेळी तिथे लोकांच्या हातात स्मार्टफोन नव्हते, गावांत इंटरनेट नव्हते, बहुतेक खेड्यांत वीज नव्हती, आणि पाचातल्या चार प्रौढांचे बँकेत खातेही नव्हते. यांतली एकही गोष्ट हाताशी नसताना पैसे गावाला कसे पोचले असतील? आम्हाला हा प्रश्न वर्गात घेण्याजोगा वाटतो. त्यात भौतिकशास्त्र आहे, गणित आहे, भूगोल आहे, आणि पोटासाठी घर सोडून जाणाऱ्या माणसांचे जगणेही आहे.

माणूस एकीकडे, घर दुसरीकडे

मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा कोकणातला किंवा घाटावरचा माणूस आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तो गाळ्यात चार-सहा जणांबरोबर राहायचा, खाणावळीत जेवायचा आणि पगार झाला की गावी मनिऑर्डर करायचा. १८८० साली आपल्या टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली. तिच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असे. पोस्टमन दारात येऊन पैसे मोजून देई, आणि घरात कोणाला वाचता येत नसेल तर त्या दोन ओळीही वाचून दाखवी. कोकणातल्या कितीतरी घरांचा महिना या पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून सुरू होत असे.

नैरोबीची गोष्ट याच घडणीची आहे. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. ती बांधायला भारतातून, मुख्यत्वे पंजाबातून, तीस हजारांहून अधिक करारी मजूर नेले होते. १८९९ मध्ये या रेल्वेचा वाटेतला एक तळ पडला. तेच पुढे नैरोबी शहर झाले. शहराला आणि गोऱ्यांच्या मळ्यांना मजूर हवे होते. स्वतःच्या शेतावर पोट भरणारा माणूस आपणहून मजुरीला कशाला येईल? म्हणून सरकारने झोपडीपट्टी लावली, म्हणजे प्रत्येक झोपडीमागे कर. तो रोकड नाण्यांत भरायचा, आणि रोकड तर फक्त मजुरीतून मिळायची. पहिल्या महायुद्धानंतर पुरुषांच्या गळ्यात 'किपांडे' नावाचे ओळखपत्र आले. पुरुष शहरात, बायका-मुले आणि म्हातारी माणसे गावच्या 'शांबा'वर, म्हणजे शेतावर, अशी दुभंगलेली कुटुंबे तेव्हापासून रूढ झाली. देश १९६३ मध्ये स्वतंत्र झाला, तरी ही घडी बदलली नाही.

आता नैरोबीत पहारेकऱ्याचे काम करणारा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचे गाव पश्चिमेकडे, किसुमूच्याही पलीकडे. नैरोबी ते किसुमू हे अंतर रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बसचा जवळजवळ एक दिवस. घरी पोराची फी भरायची आहे. स्वतः जावे तर दोन दिवसांची मजुरी आणि दोन्ही वेळचे भाडे जाते. गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाजवळ पाकीट द्यावे तर तो निघेपर्यंत थांबावे लागते. बसच्या ड्रायव्हरकडे द्यावे तर तो चार पैसे ठेवून घेणार, आणि वाटेत बस लुटली गेली तर सगळेच गेले. पोस्टाने पाठवावे तर घरच्यांना तालुक्याच्या गावी खेटे घालायचे, आणि तिथे गेल्यावर कधीकधी ऐकायचे की आज रोकड शिल्लक नाही.

यातली ड्रायव्हरची वाट आपल्याकडच्या वाचकांनाही नवी नसेल. एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरजवळ औषधाची पुडी, पुस्तक, कधी पैशांचे पाकीटही दिलेली माणसे आमच्या पिढीत पुष्कळ सापडतील.

लोकांनी आधीच काढलेली युक्ती

एम-पेसाची कल्पना कोणा एका हुशार माणसाच्या डोक्यातून निघाली, असे बरेचदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. शेजारच्या युगांडात लोकांनी आपली आपणच एक पद्धत काढली होती. तिला 'सेंटे' म्हणत. कंपाला शहरात काम करणारा माणूस मोबाइल रिचार्जचे खरवडायचे कार्ड विकत घ्यायचा. ते तो स्वतःच्या फोनमध्ये भरत नसे. गावात सार्वजनिक फोन चालवणाऱ्या बाईला तो फोन करायचा आणि कार्डावरचा गुप्त आकडा वाचून दाखवायचा. ती बाई तेवढे रिचार्ज आपल्या फोनमध्ये भरून घ्यायची, आपला वाटा कापून ठेवायची आणि उरलेले पैसे रोख त्याच्या बायकोच्या हातावर ठेवायची. पैसे पोचले! प्रवास कोणी केला? फक्त एका आकड्याने.

केनियातली योजनाही सुरुवातीला भलत्याच कामासाठी आखली होती. व्होडाफोन या ब्रिटिश कंपनीतील निक ह्यूज आणि सूझी लोनी यांनी ब्रिटिश सरकारच्या मदतीने एक प्रयोग मांडला. छोटी कर्जे देणाऱ्या एका संस्थेच्या कर्जदारांनी हप्ते फोनवरून भरावेत, एवढाच त्याचा हेतू होता. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये नैरोबी आणि जवळच्या थिका या गावात आठ दुकाने आणि सुमारे ५०० लोक घेऊन प्रयोग सुरू झाला. लोकांनी हप्ते भरलेच, पण त्याखेरीज बरेच काही केले. कोणी दुसऱ्याचा हप्ता भरून त्याच्याकडून काम करून घेतले. दुकानदार रात्रीचा गल्ला खात्यात टाकून सकाळी काढू लागले. प्रवासाला निघणारा माणूस इथे पैसे भरायचा, रिकाम्या खिशाने बसमध्ये बसायचा आणि उतरल्यावर तिथल्या दुकानातून पैसे काढून घ्यायचा. म्हणजे आपल्याच पैशांना त्याने वेगळ्या वाटेने पाठवले. हे पाहणाऱ्यांचे कौतुक अशासाठी की त्यांनी 'लोक योजना चुकीची वापरतात' असे म्हटले नाही. कर्जाचा भाग त्यांनी बाजूला ठेवला आणि मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या केनियातील कंपनीने 'पैसे घरी पाठवा' एवढ्या साध्या घोषणेवर ही सोय देशभर खुली केली. एका वर्षात सुमारे २० लाख लोकांनी नावे नोंदवली.

१४० बाइटची बैलगाडी

आता यंत्राकडे वळू. २००३ मध्ये बाजारात आलेला नोकिया ११०० हा फोन अनेकांना आठवत असेल. काळा-पांढरा पडदा, धूळ आत न जाणारी बटणे, डोक्यावर विजेरी. जगभर असे २५ कोटींहून जास्त फोन खपले. वीज नसलेल्या गावात तो आठवडी बाजाराच्या दिवशी मोटारीच्या बॅटरीवर चार पैसे देऊन चार्ज करून आणता येई आणि पुढे काही दिवस चाले. या फोनला इंटरनेट ठाऊक नव्हते. त्याला दोनच गोष्टी येत : बोलणे आणि छोटा लेखी निरोप, म्हणजे एसएमएस, पाठवणे.

एसएमएस हा प्रकार मोठा गमतीचा आहे. तुम्ही बोलत नसता तेव्हाही फोन आणि मनोरा यांच्यात अधूनमधून कुजबूज चालू असते. 'मी इथे आहे', 'तुझ्यासाठी कॉल आहे', अशा कारभारी निरोपांसाठी एक वेगळी अरुंद वाट राखून ठेवलेली असते. ती बराच वेळ रिकामी पडून असते. १९८० च्या दशकात जीएसएम ही पद्धत ठरवणाऱ्या इंजिनियरांनी विचार केला, की याच रिकाम्या वाटेवरून लोकांचे छोटे निरोप का धाडू नयेत? त्या वाटेवर एका खेपेला १४० बाइट मावत होते. एक बाइट म्हणजे ८ बिट, तेव्हा १४० × ८ = ११२० बिट. इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून १२८ खुणांमध्ये काम भागते, आणि १२८ म्हणजे २ चा सातवा घात. म्हणून प्रत्येक अक्षराला ७ बिट पुरतात. ११२० भागिले ७ म्हणजे १६०. एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात ती अशी.

इथे थोडे थांबून मुलांना एक प्रश्न विचारा : मराठी निरोप इतक्या लवकर का संपतो? देवनागरी त्या १२८ खुणांत नाही. तिच्यासाठी प्रत्येक खुणेला १६ बिट द्यावे लागतात. ११२० भागिले १६ म्हणजे ७० च खुणा. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण या सगळ्या वेगळ्या मोजल्या जातात. 'शिक्षक' हा आपल्याला तीन अक्षरी वाटणारा शब्द श, वेलांटी, क, पाय मोडण्याची खूण, ष, क अशा सहा जागा अडवतो. स्वतःचे नाव किती जागा घेते ते मुलांना काढू द्या. वर्गात सर्वांत 'लांब' नाव कोणाचे, यावर चुरस लागेल.

पैसे पाठवायला मात्र १४० बाइट भरपूर झाले. त्यात काय हवे? कोणाला, किती, आणि पाठवणाऱ्याचा गुप्त आकडा. एवढेच. नोटा थोड्याच जायच्या आहेत!

एसएमएसचा आणखी एक गुण दुर्गम गावांसाठी मोलाचा ठरला. बोलताना दोन्ही फोन एकाच वेळी चालू असावे लागतात. एसएमएस आधी कंपनीच्या केंद्रात जाऊन साठतो आणि समोरचा फोन हाती लागला की पुढे जातो. फोनची बॅटरी संपली असेल, बाई टेकडीच्या पलीकडे शेतात असेल, तरी निरोप काही काळ थांबून राहतो.

मनोरा किती लांबचा चालतो, याचाही हिशेब वर्गात होऊ शकतो. जीएसएममध्ये अनेक फोन एकाच मनोऱ्याशी पाळीपाळीने बोलतात. लांबच्या फोनचा आवाज उशिरा पोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसू नये, म्हणून मनोरा त्याला 'तू जरा आधी सुरू कर' असे सांगतो. ही आगाऊ वेळ ० ते ६३ पायऱ्यांत मोजली जाते, आणि एक पायरी ३.६९ मायक्रोसेकंदांची असते. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, म्हणजे तेवढ्या वेळात सुमारे १.१ किलोमीटर. हे जाऊन येऊन झाले. एका बाजूचे ०.५५ किलोमीटर. ६३ पायऱ्यांचे सुमारे ३५ किलोमीटर. याच्या पलीकडच्या फोनला मनोऱ्याची हाक कितीही स्पष्ट ऐकू आली, तरी त्याचे उत्तर वेळेत पोचत नाही. मध्ये डोंगर असला तर ३५ सुद्धा विसरायचे. सपाट, विरळ वस्तीच्या मुलखात मात्र थोड्या मनोऱ्यांवर बरीच गावे भागतात. तारा टाकून प्रत्येक घरी फोन नेण्यापेक्षा हे किती स्वस्त, हे सांगायला नको.

राहता राहिली सुरक्षितता. नखाएवढ्या सिमकार्डात एक छोटा संगणकच असतो. त्यात एक गुप्त किल्ली कोरलेली असते. तीच किल्ली कंपनीच्या केंद्रातही असते. ती कधीही हवेतून पाठवली जात नाही. केंद्र एक कोणताही आकडा पाठवते, सिम त्या आकड्यावर आपल्या किल्लीने एक ठरावीक गणित करून उत्तर परत पाठवते. केंद्रातही तेच गणित होते. उत्तरे जुळली तर ओळख पटली. एम-पेसाची यादीही ('पैसे पाठवा', 'पैसे काढा' वगैरे) फोनमध्ये नसून सिममध्येच भरलेली होती, आणि पैशांचा निरोप तिथेच कुलूपबंद होऊन बाहेर पडे. त्यामुळे फोन कोणताही चाले. घरात फोन नसलेली माणसे नुसते सिमकार्ड पदराच्या गाठीत ठेवावे तसे जपून ठेवत आणि शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालून पैसे बघत. त्यांचे पाकीट म्हणजे ते सिमच.

नोटा कुठे जातात?

आपला पहारेकरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातो. दुकानावर हिरवी पाटी आहे. तो ओळखपत्र दाखवतो आणि समजा २००० शिलिंग रोख देतो. दुकानदार नोटा गल्ल्यात टाकतो आणि आपल्या फोनवरून स्वतःच्या खात्यातले २००० पहारेकऱ्याच्या खात्यात वळते करतो. दोघांच्या फोनवर पोच येते. मग पहारेकरी बायकोचा नंबर, रक्कम आणि गुप्त आकडा टाकतो. केंद्रातल्या खातेवहीत एका नावापुढचा आकडा कमी होतो, दुसऱ्या नावापुढचा वाढतो. पुन्हा दोघांना पोच येते, आणि तीत समोरच्याचे नावही असते. पैसे भरायला काही आकार नाही; पाठवण्याला सुरुवातीला ३० शिलिंग पडत, आणि काढायला वेगळे. बायको गावातल्या दुकानात जाऊन तिच्या खात्यातले पैसे दुकानदाराच्या खात्यात वळते करते, आणि तो तिला नोटा देतो. बायकोचे नाव नोंदवलेले नसले तरी अडत नसे. तिला एक सांकेतिक आकडा येई आणि तो दाखवून पैसे मिळत. मात्र अशा वेळी पाठवणाऱ्याला जास्त आकार पडे. तेव्हा नवराच बायकोच्या मागे लागे, की बाई, तुझे नाव घाल एकदाचे!

ती खातेवही कुठे होती? बरीच वर्षे ती युरोपात, जर्मनीतल्या संगणकांवर होती. २०१५ मध्ये ती केनियात आणली. म्हणजे नैरोबीच्या पहारेकऱ्याचा निरोप त्याच्या गावी जाण्याआधी भूमध्य समुद्र ओलांडून जाऊन येत होता.

इथे एक शंका यायलाच हवी. फोन कंपनी बँक नाही. तिने लोकांचे पैसे घेऊन उडवले तर? यावर व्यवस्था अशी, की खातेवहीत जेवढे आकडे आहेत तेवढी खरी रक्कम कंपनीने बँकेत विश्वस्त निधी म्हणून ठेवायची. त्याला कंपनीने हात लावायचा नाही, त्यातून कर्जे द्यायची नाहीत. केनियाच्या केंद्रीय बँकेने आधी कायदा करत बसण्याऐवजी 'आमची हरकत नाही' असे पत्र देऊन लक्ष ठेवायचे ठरवले. २००८ च्या अखेरीस अर्थमंत्र्यांनी सगळ्याची चौकशी लावली, आणि जानेवारी २००९ मध्ये केंद्रीय बँकेने व्यवस्था ठीक असल्याचे जाहीर केले. त्याआधी, २००८ च्या जानेवारीत, निवडणुकीनंतरच्या दंगलींमुळे रस्ते बंद पडले होते आणि माणसे घरांत अडकली होती. तेव्हा याच वाटेने नातेवाइकांनी पैसे आणि बोलण्यापुरते रिचार्ज पाठवले. पुष्कळांनी ही सोय पहिल्यांदा वापरली ती त्या दिवसांत.

खरेच फरक पडला का?

एखादी गोष्ट लोकप्रिय झाली म्हणजे तिने गरिबी हटली, असे म्हणता येत नाही. एम-पेसा वापरणारे आणि न वापरणारे यांची सरळ तुलना केली तर वापरणारे सुखवस्तू दिसतील. पण सुखवस्तू लोकांकडेच फोन आधी आले, हेही कारण असेल. तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी यातून वाट काढली. त्यांनी घरे वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा गाठली आणि पाहिले, की घराजवळ पैसे देणारी दुकाने किती वाढली. दुकान जवळ निघणे हे त्या घराच्या श्रीमंतीवर फारसे अवलंबून नव्हते, म्हणून तुलना जास्त न्याय्य झाली. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले, की आजारपण, नोकरी जाणे, पीक बुडणे असा धक्का बसला की एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी आटला. एम-पेसा असलेल्या घरांचा आटला नाही. कारण अडचणीच्या वेळी जास्त नातेवाईक, जास्त लांबून, चटकन थोडेथोडे पाठवू शकत होते. २०१६ मध्ये त्यांनी हिशेब मांडला, की सुमारे १ लाख ९४ हजार घरे, म्हणजे केनियातील २ टक्के, या सोयीमुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली, आणि सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया नुसत्या पोटापुरत्या शेतीतून छोट्या व्यवसायाकडे वळल्या.

दोन टक्के हा आकडा लहान की मोठा? आम्हाला तो मोठा वाटतो, कारण यासाठी कोणी अनुदान वाटले नव्हते. पण उरलेले अठ्ठ्याण्णव टक्केही विसरायचे नाहीत. नैरोबीची मजुरी कमीच असेल, तर ती लवकर पोचून किती वाढणार? पुढे याच फोनवर झटपट कर्जे आली आणि जुगाराच्या पैजाही आल्या. ज्या वाटेने फीचे पैसे येत, त्याच वाटेने ते बाहेरही जाऊ लागले. दुसरीकडे चांगलेही झाले. २०१२ पासून एका कंपनीने सूर्यप्रकाशावर चालणारे दिव्यांचे संच रोजच्या थोड्याथोड्या हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. हप्ता फोनवरून भरायचा, आणि संचातच बसवलेले सिम हप्ता थकला तर दिवा बंद ठेवते. एकदम इतकी रक्कम कधीच न जमणाऱ्या घरांत त्यामुळे रॉकेलची चिमणी विझली.

हेच रोप दुसरीकडे मात्र तसे रुजले नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये सुरू करून २०१६ मध्ये ते बंद करावे लागले. तिथे पुष्कळांची बँक खाती आधीच होती. भारतातही एम-पेसा २०१३ मध्ये आले आणि काही वर्षांत गुंडाळले गेले. केनियात एकाच कंपनीकडे बहुतेक ग्राहक होते. आपल्याकडे अनेक कंपन्या होत्या आणि रिझर्व्ह बँकेचे नियम बँकेलाच मध्ये ठेवणारे होते. पुढे २०१४ नंतर जनधन खाती निघाली, २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसे एका बँकखात्यातून दुसऱ्यात थेट जाऊ लागले. साध्या फोनसाठी *९९# ही सोय आपल्याकडेही आहे, आणि मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरच्या यूपीआयची आणखी एक पद्धत निघाली. तुमच्या गावात ती वापरणारे कोणी आहे का, मुलांना शोधायला सांगा.

तीन टेबलांचा खेळ

ही सगळी गोष्ट मुलांना समजते का, हे पाहायला आम्ही एक खेळ करतो. वर्गात तीन टेबले मांडा : शहरातले दुकान, गावातले दुकान आणि खातेवही. दोन्ही दुकानदारांना कागदाच्या १००० च्या नोटा द्या, आणि खातेवहीत दोघांच्याही नावावर १००० लिहा. पाच मुलांना प्रत्येकी २०० ची मजुरी द्या. ती शहरातल्या दुकानात भरतील, घरी पाठवतील, आणि गावात बसलेली पाच मुले ते पैसे काढतील. खातेवहीवाल्याने प्रत्येक व्यवहारानंतर एकूण बेरीज करायची. ती नेहमी २००० च भरेल. नाही भरली तर कोणीतरी चूक केली आहे.

आता सहावा मजूर आला. शहरातल्या दुकानदाराकडे नोटा २००० झाल्या आहेत, पण खात्यात शून्य. तो पैसे भरून घेऊ शकत नाही. गावातल्या दुकानदाराच्या खात्यात २००० आहेत, पण गल्ला रिकामा. तो कोणाला एक नोटही देऊ शकत नाही. दोघांचेही एक पैशाचे नुकसान झालेले नाही, आणि दोघेही अडले आहेत.

खेळातली ही अडचण केनियात अगदी खरी आहे. मजुरी शहरात मिळते आणि गावात खर्च होते, म्हणून नोटा शहरात साचतात आणि गावात संपतात. गावातल्या दुकानदाराला दुकान दुसऱ्यावर सोपवून, मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत बसून, बँक असलेल्या गावी जावे लागते, तिथून रोकड आणावी लागते. पूर्वी गावातली प्रत्येक बाई ज्या वाटेने पोस्टात खेटे घालत होती, त्याच वाटेने आता तिच्या वतीने एकटा दुकानदार जातो, खिशात सगळ्या गावाचे पैसे घेऊन. शाळेच्या फीच्या दिवसांत दुकानासमोर उभ्या असलेल्या बाईला 'उद्या ये' हे वाक्य अजूनही ऐकावे लागते.

सहाव्या मुलाची पाळी आली की तुम्ही बोलू नका. पुढे काय करायचे ते मुलांना ठरवू द्या. आम्ही घेतलेल्या एका शिबिरात तीन उत्तरे आली. एका गटाने एका मुलाला पिशवी देऊन शहराच्या टेबलावरून गावाच्या टेबलाकडे पाठवले, आणि मग त्याचे भाडे कोणी द्यायचे यावर बराच वाद झाला. दुसऱ्या गटाने गावातच दूध आणि भाजी विकणाऱ्यांना दुकानात पैसे भरायला लावले, म्हणजे गल्ल्यात पुन्हा नोटा आल्या. तिसऱ्या गटातली एक मुलगी म्हणाली, की गावातला फीवाला, किराणावाला, चक्कीवाला सगळ्यांनीच खात्यात पैसे घेतले तर नोटा काढायच्याच कशाला? त्यावर तिच्याच शेजारच्या मुलाने विचारले, "आणि आजीकडे फोन नसला तर?"